सोवळे उंबरठ्यापर्यंतच का?

माउली, पहाटे स्नान, तुळशीला पाणी, गोपीचंदन, हरिपाठ. एवढे झाले की आपण शुचिर्भूत झालो असे धरून चालतो. मग दारात घंटागाडी येते आणि देवाचे निर्माल्य, रात्रीचा भात, दुधाच्या पिशव्या, फुटलेली काच हे सगळे एकाच गाठोड्यात गाडीत पडते. ती गाठ पुढे कोण सोडतो?

आपल्या छत्रपती संभाजीनगराने हा प्रश्न कित्येक वर्षे स्वतःला विचारला नाही. शहराची घाण नारेगावला जात होती. ओला कचरा ढिगात दबून कुजला की काळे पाणी सुटते, ते जमिनीत मुरते, विहिरीला लागते. आत वायू साठतो, ढीग धुमसत राहतो. नारेगाव-मांडकीच्या लोकांनी सोसले तेवढे सोसले आणि फेब्रुवारी २०१८ मध्ये गाड्या अडवल्या. उच्च न्यायालयाच्या खंडपीठानेही तिथे कचरा टाकायला मनाई केली. शहरात रस्तोरस्ती ढीग लागले, तेव्हा आपल्याला नाक असल्याचे आठवले! आणि उपाय काय सुचला? दुसरी जागा शोधा. ७ मार्चला गाड्या मिटमिट्याकडे वळल्या. दगडफेक झाली, लाठीमार झाला. वेरूळला जाताना आपण याच रस्त्याने जातो.

दोष पालिकेचा आहेच. पण चिकलठाणा, पडेगाव, हर्सूलला प्रक्रिया केंद्रे काढली तरी भातात कालवलेली काच यंत्राने कशी निवडावी? २०१६ च्या नियमांनीच ओला, सुका आणि घातक कचरा घरातच वेगळा करायला सांगितले होते. ते काम आपले.

आणि खरे सांगू, मला आपलीच मंडळी जास्त खटकतात. काल्याच्या महाप्रसादानंतर मांडवामागे जाऊन बघा. थर्माकोलच्या पत्रावळी, प्लास्टिकचे पेले, त्यातच टाकलेले अन्न. वाळवंटात तापलेल्या वाळूवर रडणारे पोर नाथांनी कडेवर घेतले, ही कथा ऐकून आपले डोळे भरतात. भंगार वेचणारी बाई उघड्या हाताने आपले उष्टे उपसते, तिच्याकडे मात्र लक्ष जात नाही. गाडगेबाबा आधी खराटा घेऊन गाव झाडत, मग कीर्तनाला उभे राहत. आपण कीर्तन तेवढे घेतले, खराटा दुसऱ्याच्या हाती दिला.

यंदाच्या सप्ताहाच्या वर्गणीतून स्टीलची ताटे घ्या. नाहीतर पळसाच्या पत्रावळी आणा आणि उष्ट्यासाठी मांडवामागे खड्डा खणा. पहिल्या पंगतीची ताटे विश्वस्तांनी घासावीत. टाळकरी त्यांच्या शेजारी आपोआप येऊन बसतील.