माउली चालवतील, पण पाय तर आणा!





चैत्र लागला की आमच्या कुहीकडे आषाढीचे बोलणे सुरू होते. दिंडीत नावे पडतात, भिशीचे पैसे जमतात, पडशी धुऊन वाळत पडते. सगळी तयारी होते, एका पायांची सोडून. ‘बुवा, चालणे जमेल का?’ असे कोणी विचारले की उत्तर ठरलेले, ‘माउली चालवतील.’ ऐकायला हे फार गोड आहे. मला आज या गोड बोलण्याशीच भांडायचे आहे, कारण त्यात भक्ती थोडी आणि आळस फार आहे.

आधी वाट पाहू. आळंदी ते पंढरपूर सुमारे २५० किलोमीटर. ज्येष्ठ वद्य अष्टमीला माउलींचे प्रस्थान होते आणि साधारण चौथ्या दिवशी पुण्याहून सासवडचा टप्पा येतो. तीस किलोमीटरच्या आसपासची ती मजल, आणि मध्ये दिवे घाट. नागपूरचा माणूस रेल्वेत रात्रभर पाय दुमडून बसतो, पुण्याला उतरतो, आळंदीला जातो आणि तिसऱ्या-चौथ्या दिवशी घाटाखाली उभा राहतो. ज्या पायांनी वर्षभर घर ते चौक एवढी वाटही मोटारसायकलवर काढली, त्यांनी आता काय करावे?

पूर्वपक्ष असा, की ‘आमच्या आजोबांनी कुठे सराव केला होता?’ अहो, त्यांनी जन्मभर दुसरे केले काय? पहाटे धानाच्या बांधावर, दुपारी औतामागे, आठवडी बाजाराला पायी, लेकीच्या गावाला पायी. मिरची तोडायला जाणारी आजी दिवसभर ओणवी असे आणि सांजेला भारा घेऊन घरी येई. शिवाय पायी निघालेल्या दिंडीचे पाय वाटेतच घट्ट होत. कौंडण्यपूरची रुक्मिणीमातेची पालखी असो की शेगावची गजानन महाराजांची, त्या आजही महिनाभर चालतात. शेगावची वाट तर सातशे किलोमीटरांच्या घरात जाते. आजोबांची श्रद्धा आपण घेतली ते चांगले केले. त्यांचे पाय मात्र वारशात मिळत नाहीत, ते ज्याचे त्यानेच कमवावे लागतात.

दुसरा म्हणतो, ‘वारी म्हणजे काय व्यायाम आहे? सराव केला म्हणजे देवावर भरवसा नाही.’ त्याला माझे विचारणे एवढेच, की ‘विठोबा वाजवील’ म्हणून कोणी न शिकता मृदंगाला हात घातला, तर त्याला दिंडीत उभे कराल का? भजनी ठेका हातात बसायला वर्षे जातात. पाठांतर नसलेल्या बुवाला तुम्ही नारदाच्या गादीवर उभे राहू देत नाही. मग पाय काय पाप करून आले, की त्यांनाच अभ्यास नको? भगवंतांनी अर्जुनाला सहाव्या अध्यायात अभ्यास आणि वैराग्य सांगितले, बाराव्यात पुन्हा अभ्यासयोग सांगितला. आणि ज्या हैबतबाबा आरफळकरांनी माउलींच्या सोहळ्याला आजची शिस्त लावून दिली, ते शिंद्यांच्या पदरचे सरदार होते. फौजेतल्या माणसाला तयारीची किंमत सांगावी लागत नाही.

तिसरे बोलणे सर्वांत कठीण. ‘वाटेत देह पडला तर भाग्यच.’ मायबापहो, बोलावणे आले तर कोणाला चुकत नाही. पण रक्तदाबाच्या गोळ्या घरी विसरून, उपाशीपोटी, उन्हात, बिनसरावाने चालून आपणच ओढवून घेतलेले मरण विठोबाच्या नावावर मांडू नका. एक माणूस रस्त्यावर कोसळला की चौघांचे भजन थांबते, दिंडी खोळंबते, घरी लेकराबाळांच्या पोटात गोळा उठतो. दुसऱ्याच्या भजनात विघ्न आणणे हे कसले भाग्य?

म्हणून करायचे काय? पंचांग घ्या. चैत्र शुद्ध एकादशीपासून माउलींच्या प्रस्थानापर्यंत, अधिक मास नसेल तर, पाच एकादश्या मिळतात. पहिलीला आपल्या गावचे देऊळ आणि शिव, दुसरीला शेजारचे गाव, पुढे दर वेळी थोडे अधिक. पाचवीपर्यंत एका दिवसात अर्धी मजल तरी जमली पाहिजे. कुहीकरांना अंभोरा आहे; वैनगंगेच्या संगमावरच्या चैतन्येश्वराला थोडे थोडे अंतर वाढवत पायी गेलात, तर पाय आणि पुण्य दोन्ही पदरात पडतील. मधल्या दिवसांत रोज पहाटे चाला. आपल्याकडचा वैशाख पंचेचाळीस अंशांचा, तेव्हा उन्हे चढण्याआधी घरी या. पाचवी एकादशी निर्जला. जे पाण्याशिवाय उपवास करतात त्यांनी त्या दिवशी चालू नये, दशमीलाच चालून घ्यावे.

वेगाला घड्याळ नको. हरिपाठ म्हणत चाला. शब्द तुटू लागला, दम लागला, की पाय आवरा. चार दिवसांनी त्याच वाटेवर शब्द तुटणार नाही. पडशी खांद्याला लावूनच चाला. डोईवर तुळस घेणाऱ्या मायबहिणींनी अर्धी घागर घेऊन अंगणात फेऱ्या घालाव्या, कारण घरी नळ आल्यापासून मानेची सवय मोडली आहे. नवी चप्पल प्रस्थानाच्या आदल्या दिवशी घेऊ नका, महिनाभर आधी घेऊन घराजवळच मळवा. साठी ओलांडलेल्यांनी डॉक्टरांना दाखवूनच नाव घालावे.

आणि ज्याला इतके करूनही जमणार नाही, त्याने मन खट्टू करू नये. विदर्भाची पंढरी म्हणतात ते धापेवाडा आपल्याच जिल्ह्यात आहे. जेवढी वाट झेपते तेवढी वारी करा, पण ती धड पायांनी आणि अखंड नामाने करा. दिंडीप्रमुखांनीही नाव लिहून घेताना भिशीआधी एक प्रश्न विचारावा, ‘बुवा, या चैत्रापासून किती चाललात?’

माउली चालवतात यात तिळमात्र संशय नाही. पण चालवायला पाय आपणच घेऊन जायचे असतात.

राम कृष्ण हरि!