वर्गातला मॉनिटर आणि पेशीतला आरएनए

मुलांनो, कॅन्सर हात लावल्याने होतो का? मुळीच नाही! तरीही कुणाच्या आजोबांना मोठ्या आतड्याचा कॅन्सर झाला, की त्या घरी खेळायला जाणे बंद करणारी मुले मी पाहिली आहेत. म्हणून आज नीट समजून घेऊ या.

आपल्या आतड्याचे अस्तर चार-पाच दिवसांत नवे होते. जुन्या पेशी झडतात, नव्या येतात. पण नव्या किती हव्यात, थांबायचे कधी, हे कोण सांगते?

पेशीतला डीएनए म्हणजे सूचनांचे जाडजूड पुस्तक. त्यातली हवी ती सूचना उतरवून घेतली, की झाली आरएनएची चिठ्ठी. ती वाचून पेशी प्रथिन बनवते. गंमत अशी, की काही आरएनएंवर प्रथिनाची कृती नसतेच! मग त्यांचे काम काय? १९९३ मध्ये अमेरिकेतल्या व्हिक्टर अ‍ॅम्ब्रोस आणि गॅरी रुव्हकुन यांनी एक मिलिमीटर लांबीच्या कृमीत ते शोधले. सुमारे २२ अक्षरांचा चिमुकला आरएनए दुसऱ्या चिठ्ठीला चिकटतो आणि म्हणतो, "थांब, हे प्रथिन आता नको." अगदी वर्गातल्या मॉनिटरसारखा! त्याचे नाव मायक्रोआरएनए. या शोधाला २०२४ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

हे मॉनिटर आपल्या आतड्यातही असतात. २००३ मध्ये शास्त्रज्ञांना आढळले, की मोठ्या आतड्यातल्या गाठींत १४३ आणि १४५ क्रमांकाचे मायक्रोआरएनए कमी झालेले असतात. मॉनिटर गैरहजर, मग वर्गात गोंधळ! उलट २१ क्रमांकाचा मात्र वाढलेला असतो. तो गाठ रोखणाऱ्या प्रथिनांच्याच चिठ्ठ्या अडवतो. अर्थात, कॅन्सरला एवढेच कारण नसते. जनुकांतले बिघाड, वाढते वय, तंबाखू, दारू यांचाही त्यात वाटा असतो.

आता पालकांसाठी थोडेसे. हा कॅन्सर बहुधा आतड्यातल्या छोट्याशा कोंबापासून सुरू होतो आणि वाढायला वर्षे घेतो. कोंब वेळीच काढला, तर पुढचे संकट टळू शकते. शौचातून रक्त पडले, तर "मूळव्याध असेल" म्हणून अंगावर काढू नका. डॉक्टरांना दाखवा.

मुलांनो, मोठी माणसे असे दुखणे सांगायला लाजतात बरं का! हे पान त्यांना मोठ्याने वाचून दाखवा. तेवढे काम तुमचे.