कागदी टाकीचा हिशेब

वाचकहो, कागदात पेट्रोल भरून ठेवता येते असे कोणी सांगितले, तर आपण त्याला वेड्यात काढू. तथापि दुसऱ्या महायुद्धात इंग्लंडमध्ये अशा कागदी टाक्या हजारोंच्या संख्येने तयार झाल्या आणि त्यांच्या बळावर अमेरिकन लढाऊ वैमानिक जर्मनीच्या अंतर्भागात पोहोचले.

त्यांची निकड १४ ऑक्टोबर १९४३ रोजी फार कटुतेने प्रत्ययास आली. त्या दिवशी श्वाइनफुर्ट येथील बेअरिंगच्या कारखान्यांवर २९१ बॉम्बफेकी विमाने निघाली. संरक्षणास आलेली थंडरबोल्ट विमाने इंधनाअभावी जर्मनीच्या सीमेजवळून माघारी वळली. जर्मन वैमानिक त्याच क्षणाची वाट पाहत होते. ६० बॉम्बफेकी विमाने परतली नाहीत. प्रत्येकात दहा माणसे असत.

उपाय साधाच होता. चिवट कागदाचे थर सरसाने चिकटवून केलेली, सुमारे ४०० लिटरची टाकी पंखाखाली लटकवायची आणि रिकामी होताच आकाशातूनच सोडून द्यायची. फार वेळ भरून ठेवल्यास कागद मऊ पडे, म्हणून ती उड्डाणाच्या थोडे आधी भरत. धातूपेक्षा ती हलकी. शिवाय शत्रूच्या भूमीवर पडली तरी त्याच्या हाती कामाचा धातू लागत नसे. ही काटकसर कोणत्याही पेढीवर वाखाणली गेली असती!

१९४३च्या अखेरीस मस्टँग विमाने आली आणि वैमानिकाचा खरा हिशेब सुरू झाला. त्याच्या आसनामागे ३२० लिटरची आणखी एक टाकी असे. ती भरलेली असता विमान शेपटीकडे जड होई आणि झटकन वळवताना हाताबाहेर जाई. म्हणून बाहेरच्या टाक्या भरलेल्या असूनही आधी ही आतली टाकी बरीचशी रिकामी करावयाची, मग बाहेरच्यांना हात लावावयाचा. शत्रू दिसताच त्या टाक्या सोडाव्या लागत, मग त्यांत कितीही इंधन उरलेले असो. झुंजीत इंधन दुपटीहून अधिक वेगाने जळे, आणि बर्लिनपासून इंग्लंडमधील तळ सुमारे ९०० किलोमीटर दूर. सहासहा तास एकट्याने बसलेला विशी-बाविशीचा तरुण हा हिशेब मनातल्या मनात मांडत असे.

किनाऱ्यापाशीच मस्टँगांवर तुटून पडले असते, तर त्या टाक्या तेथेच सोडणे भाग पडले असते. जर्मन अधिकाऱ्यांपैकी काहींना हे उमगलेही होते. परंतु लढाऊ विमाने टाळा, केवळ बॉम्बफेकी गाठा, असा गोअरिंगचा आग्रह होता. माझ्या मते ही त्याची मोठी चूक होय.

जानेवारी १९४४ मध्ये इंग्लंडमधील आठव्या अमेरिकन हवाई दलाची सूत्रे जनरल डूलिटल यांच्याकडे आली. त्यांनी लढाऊ वैमानिकांना बॉम्बफेकी विमानांना चिकटून न राहता पुढे जाऊन शत्रू शोधण्याची मोकळीक दिली. बॉम्बफेकींच्या चालकांना हे मुळीच रुचले नाही; आपल्याला आमिष केले, असे त्यांना वाटले. ६ मार्चच्या बर्लिन स्वारीत त्यांची ६९ विमाने पडली. परंतु जर्मनांचे अनुभवी वैमानिकही त्या वसंतात एकामागून एक मारले गेले. नवी विमाने कारखान्यांतून निघत, तसे वैमानिक कोठून आणणार? जूनमध्ये दोस्त सैन्य नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर उतरले, तेव्हा वर जर्मन विमाने क्वचितच दिसली.

आणि ज्यांच्या घरांवर ते बॉम्ब पडले, त्यांची नोंद वैमानिकाच्या या वहीत कोठेच नव्हती.