नकाब, रुमाल आणि शाळेचे फाटक

चेंबूरच्या आचार्य-मराठे महाविद्यालयाने 2024 साली हिजाब, नकाब, बुरखा, टोपी यांवर बंदी घातली. विद्यार्थिनी मुंबई उच्च न्यायालयात हरल्या आणि प्रकरण इथे दिल्लीला, सर्वोच्च न्यायालयात आले. 9 ऑगस्ट 2024 रोजी न्यायालयाने हिजाबबंदीला अंतरिम स्थगिती दिली. वर्गात बुरखा मात्र नको, असेही बजावले. टिकली-टिळ्यावरही बंदी घालणार का, हा न्यायमूर्तींचा सवाल बिनतोड होता. कर्नाटकच्या प्रकरणात 13 ऑक्टोबर 2022 रोजी दोन न्यायमूर्तींची मते परस्परविरुद्ध पडली होती.

आमचे मत असे की वर्गात चेहरा उघडा असावा. पोरीला गणित कळले की नाही, हे बाई तिच्या चेहऱ्यावरूनच ओळखतात. परीक्षेला ओळख पटवायची तर महिला पर्यवेक्षक नेमावी. पण डोक्यावरच्या रुमालाने कोणाचे काय अडते? आपले शीख गार्ड (आता ट्रेन मॅनेजर म्हणायचे!) पगडी बांधूनच गाडी नेतात.

गणवेशावरून आपल्यापैकी कोणाला बडतर्फ करायचे तर आधी आरोपपत्र, मग चौकशी. घटनेचे कलम 311 पाठीशी आहे. उडुपीत 2021 च्या अखेरीस मुलींना सरळ वर्गाबाहेर ठेवले. बुडालेले वर्ष कोण भरून देणार? अशी मुलगी घरी बसली की तिच्या लग्नाची घाई सुरू होते, आणि ज्यांना ती शिकायलाच नको होती त्यांचे फावते. रेल्वे व टपाल वसाहतींतले जे सभासद शाळांच्या पालक-शिक्षक संघात आहेत, त्यांनी पुढच्याच बैठकीत हा विषय काढावा: नियम करा, पण फाटक बंद करू नका.