झाशीच्या पुढचं गाणं

मुंबईहून उत्तरेकडे निघालेली गाडी झाशीला आली की तिच्यापुढे दोन वाटा असतात. एक ग्वाल्हेरवरून आग्रा-दिल्लीला जाते, दुसरी उजवीकडे वळून कानपूर गाठते. मराठी माणसाला झाशी म्हटलं की राणी आठवते, आणि ते साहजिकच आहे. पण मराठी गाण्याचा प्रवासही याच टापूतून झालेला आहे. बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर ग्वाल्हेरच्या वासुदेवबुवा जोशींकडे ख्याल शिकले आणि ती विद्या त्यांनी दक्षिणेत आणली. मिरजेला त्यांच्याकडे विष्णु दिगंबर पलुस्कर शिकले. पलुस्करांनी १९०१ साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं आणि पुढे आपले शिष्य गावोगाव पाठवले. त्यांपैकीच एक शंकर श्रीपाद बोडस. १९२६ साली गुरूंच्या आज्ञेवरून ते कानपूरला गेले.

कानपूर म्हणजे गिरण्यांचं आणि चामड्याच्या कारखान्यांचं शहर. घरंदाज मुलींनी गाणं शिकावं, हा विचार तेव्हा तिथं कुणाच्या पचनी पडणार होता? बोडसांनी तिथंच ठाण मांडलं आणि शिकवत राहिले. त्यांच्या पत्नी शांताबाईही गाणं शिकवत. अशा घरात १४ सप्टेंबर १९४८ रोजी एक मुलगी जन्मली. वीणा. पुढच्या वीणा सहस्रबुद्धे.

गवयाची मुलगी म्हणून ती थेट तंबोऱ्याला चिकटली असेल असं वाटेल. तसं झालं नाही. लहानपणी गाण्याच्या बरोबरीनं तिचं कथकचं शिक्षणही चालू होतं. त्यांचा तराणा ज्यांनी ऐकला आहे त्यांना हे कळल्यावर फारसं नवल वाटत नाही. द्रुत लयीत बोल टाकताना समेवर येण्याची ती सहजता पायांनी लय शिकलेल्या माणसाची वाटते.

गाण्याचे पहिले गुरू वडील, दुसरे थोरले बंधू काशीनाथ. काशीनाथजी वीणाताईंपेक्षा तेरा वर्षांनी मोठे. त्यांच्यावर कुमार गंधर्वांच्या गाण्याचा मोठा प्रभाव होता आणि ते स्वतः बंदिशी बांधत. म्हणजे एकाच घरात दोन शाळा झाल्या. वडिलांकडून पलुस्करांची शिस्तशीर परंपरा, भावाकडून नव्या वाटांची ओढ. अशा वेळी शिकणाऱ्याची ओढाताण होऊ शकते. वीणाताईंनी दोन्ही पचवलं. शिवाय ओंकारनाथ ठाकुरांचे शिष्य बलवंतराय भट्ट, वसंत ठकार आणि पुढे गजाननबुवा जोशी यांचंही मार्गदर्शन घेतलं. गजाननबुवा म्हणजे ग्वाल्हेर, आग्रा आणि जयपूर अशा तीन घराण्यांची तालीम घेतलेले, वर व्हायोलिनही वाजवणारे बुवा!

अडचण वेगळीच होती. गाणं पक्कं होत होतं, पण ऐकणार कोण? पुण्या-मुंबईच्या मैफली आणि तिथले दर्दी श्रोते फार दूर. १९६८ साली कानपूर विद्यापीठाची पदवी मिळाली, १९६९ साली संगीत अलंकार. पण पदवीच्या कागदानं मैफली मिळत नाहीत, हे गाणाऱ्या कुणालाही सांगायला नको. १९७२ साली आकाशवाणीच्या तरुण कलाकारांच्या राष्ट्रीय स्पर्धेत वीणाताई पहिल्या आल्या, तेव्हा कुठे त्यांचं नाव कानपूरबाहेर पोचलं. त्या काळी रेडिओचा तो शिक्का मोठा होता.

पती हरी सहस्रबुद्धे आयआयटी कानपूरला संगणकशास्त्राचे प्राध्यापक. संसार, मुलं आणि रियाझ सांभाळत १९७९ साली त्यांनी संस्कृतमध्ये एम.ए. केलं. तिशी उलटलेल्या गृहिणीनं पुन्हा परीक्षेला बसायचं आणि तेही गळ्याची मेहनत न सोडता, याची किंमत घरोघरीच्या बायकांना जास्त कळेल. पुढे कुटुंब पुण्याला आलं. एसएनडीटीच्या पुणे शाखेत त्यांनी गायन विभागाचं प्रमुखपद सांभाळलं. १९८८ साली गांधर्व महाविद्यालय मंडळाची ‘संगीत प्रवीण’ ही पदवी घेतली, तेव्हा वय चाळिशीला टेकलं होतं. ज्या वयात अनेक गायिका नाव करून बसलेल्या असतात, त्या वयात वीणाताईंचं नाव श्रोत्यांच्या तोंडी बसू लागलं होतं. उशीर झाला खरा, पण त्या गाण्यात घाई कधीच नव्हती.

१९९५ साली काशीनाथजी गेले. ज्याच्यापुढे नवी जागा गाऊन दाखवावी असा घरचा माणूस गेला. त्यांच्या बंदिशी आणि भजनं मात्र वीणाताईंच्या मैफलीत राहिली. देशात गायल्या, परदेशात गायल्या, आयआयटीच्या मुलांना शिकवलं. मग चेतासंस्थेच्या आजारानं गळा हळूहळू हातचा गेला. २०१२च्या डिसेंबरात त्या शेवटच्या गायल्या. २०१३ सालचा संगीत नाटक अकादमी पुरस्कार जाहीर झाला तेव्हा गाणं थांबलेलं होतं. २९ जून २०१६ रोजी पुण्यात त्यांचं निधन झालं. भावाच्या बंदिशी आता वीणाताईंचे विद्यार्थी गातात.