२५ मैलांचं अर्धं हळकुंड

मुंबई मॅरेथॉनमध्ये २१ किलोमीटर पळून आलेल्याला ‘अरे, म्हणजे फुल नाही ना?’ असं विचारणारा एक महाभाग प्रत्येक ऑफिसात असतो. स्वतः लिफ्टशिवाय दुसरा मजला चढत नाही, तो भाग वेगळा! याचे भाऊबंद अमेरिकेत घोड्यावर बसलेलेही सापडतात.

तिकडे एन्ड्युरन्स रायडिंग नावाचा खेळ आहे. घोड्यावरून डोंगरदऱ्यांतून एका दिवसात ५० ते १०० मैल. कॅलिफोर्नियातला टेव्हिस कप म्हणजे या मंडळींची पंढरी. १९५५ साली सुरू झालेली राइड, सिएरा नेवाडा ओलांडून ऑबर्नपर्यंत १०० मैल, मुदत २४ तास. १९७२ मध्ये अमेरिकन एन्ड्युरन्स राइड कॉन्फरन्स ही संघटना स्थापन झाली. तिच्या लेखी खरी एन्ड्युरन्स ५० मैलांपासून. २५ ते ३५ मैलांच्या राइडला म्हणायचं ‘लिमिटेड डिस्टन्स’ आणि तिचे मैल जमा होतात वेगळ्या खात्यात. मग वाद होणारच. जुनी खोडं म्हणतात, अर्ध्या हळकुंडाने पिवळे होऊ नका. नवे म्हणतात, आम्ही काय मेरी-गो-राउंडवर बसलो होतो?

मला विचाराल तर मान मिळायलाच हवा. दयेपोटी नाही हं, नियमापोटी. ५० मैलांच्या राइडमध्ये फिनिश लाइन ओलांडली की तुमची वेळ नोंदली जाते. घोड्याची नाडी उतरायला त्यानंतर अर्धा तास मिळतो. लिमिटेडमध्ये मात्र घड्याळ चालूच! नाडी मिनिटाला ६० वर आली की मगच थांबतं. (निवांत उभ्या घोड्याची नाडी तीस-चाळीस असते.) म्हणजे तुम्ही सुसाट आलात आणि घोडा धापा टाकतोय, तर शेवटचा मैल खाली उतरून, लगाम धरून चालत आलेली बाई तुमच्या पुढे निघून जाते. हा नियम आपल्या ऑफिसात लावून बघा. डेडलाइन गाठली? छान. आता टीमची नाडी दाखवा!

या खेळाचं ब्रीदच आहे ‘टू फिनिश इज टू विन’. आणि फिनिश म्हणजे नुसतं पोचणं नाही. घोडा अजून पुढे जाऊ शकेल, असं व्हेटने तपासून सांगितल्यावरच राइड पूर्ण.

पण जुन्यांची एक भीती मला शंभर टक्के पटते. पहिल्या नंबराला ट्रॉफी आली की शर्यत आली. २५ मैल हे अंतर असं फसवं, की नवख्यालाही वाटतं, सोडा घोडा! त्यात लिमिटेडला ४ वर्षांचा घोडा चालतो. ५० मैलांना ५ वर्षांचा लागतो, टेव्हिसला ६. घोड्याचा दमसास काही महिन्यांत वाढतो, पण हाडं आणि टेंडन पक्के व्हायला वर्षं जातात. दिसायला फिट, आतून कच्चा. आपला गुडघा गेला तर आपण फिजिओकडे जाऊन रडतो. घोडा कोणाला सांगणार?

तेव्हा मैल मोजा, घोडा किती ठणठणीत परत आला याचं कौतुक करा, तोच घोडा वर्षानुवर्षं राइडला येत राहिला तर त्याचंही करा. पहिल्या नंबराचा बाऊ नको. आणि खाती खुशाल वेगळी राहू देत, त्यात अपमान कसला? पहाटे निघून मध्यरात्रीच्या काळोखातही पायवाट तुडवणाऱ्याचा हिशोब वेगळाच असायला हवा.