सवलतींआधी वीज आणि कौशल्य

मराठवाड्यातील बिडकीनला येऊ घातलेल्या वाहन उद्योगाचे आम्ही स्वागत करतो. मात्र सवलतींच्या जोरावर गुंतवणूक आणता येते, टिकवता येत नाही, हे राज्य सरकारने ध्यानात घ्यावे.

टोयोटा किर्लोस्करने जुलै 2024 मध्ये इथल्या सुमारे 20 हजार कोटी रुपयांच्या प्रकल्पाचा सामंजस्य करार राज्य सरकारशी केला. अशा कारखान्याची स्पर्धाक्षमता त्याच्या पुरवठादारांवर ठरते. गंगापूर तालुक्यातील वाळूज औद्योगिक वसाहतीत बजाज ऑटोच्या मागोमाग सुटे भाग पुरवणारे असे शेकडो लघुउद्योग वाढले. तिथे वीज क्षणभर गेली तरी सीएनसी यंत्र मध्येच थांबते, हातातला जॉब भंगारात जातो आणि नव्याने सेटिंग करण्यात पाळीचा वेळ वाया जातो. करसवलतीने हे नुकसान भरून निघत नाही. सुटा भाग महागला किंवा उशिरा पोहोचला, तर मोठी कंपनी तो चाकणहून वा चेन्नईहून मागवेल. मग प्रकल्प मराठवाड्यात आणि रोजगार बाहेर, अशी गत होईल.

म्हणून बिडकीनमधून पहिली गाडी बाहेर पडण्याआधी वाळूजला अखंड वीज, अवजड वाहतूक पेलणारे अंतर्गत रस्ते आणि पुरेसे पाणी मिळालेच पाहिजे. तालुक्यातील मुलामुलींना आयटीआयमध्ये विद्युत वाहनांच्या जुळणी-दुरुस्तीचे शिक्षणही आतापासूनच द्यावे. सरकारने ही तयारी लांबणीवर टाकली, तर देशातील राज्यांच्या स्पर्धेत महाराष्ट्र मागे पडेल आणि त्याची पहिली झळ गंगापूरच्या तरुणांना बसेल.